केटोस : नाव नसलेला समुद्रराक्षस

इ.स.पू. ५८. त्या वर्षी रोम शहरात मार्कस एमिलियस स्कॉरस हा ईडाइल होता. शहरातील बाजार, इमारती आणि सार्वजनिक खेळ यांची व्यवस्था पाहणारे हे पद. पुढच्या निवडणुका जिंकायच्या असतील तर याच पदावर असताना लोकांचे डोळे दिपवावे लागतात, हे रोममधला प्रत्येक महत्त्वाकांक्षी तरुण जाणून होता. स्कॉरसने हात आखडता घेतला नाही. काही दिवसांच्या खेळांसाठी त्याने ३६० खांबांचे तात्पुरते नाट्यगृह उभारले. खंदक खणून त्यात पाणी भरले आणि एक पाणघोडा व पाच मगरी लोकांना दाखवल्या. असे प्राणी रोममध्ये प्रथमच प्रदर्शित होत होते.

पण या साऱ्या थाटात एक वस्तू अशी होती, की थोरल्या प्लिनीने सुमारे एकशे तीस वर्षांनंतरही तिची मापे आपल्या 'नॅचरल हिस्ट्री'त नोंदवून ठेवली. ज्यूडियातील जोपा या बंदरातून आणलेला तो एक प्रचंड सांगाडा होता. लांबी ४० रोमन फूट, म्हणजे जवळपास १२ मीटर. फासळ्या हिंदुस्थानी हत्तीपेक्षा उंच. पाठीचा कणा दीड फूट जाड.

ज्या समुद्रराक्षसापुढे राजकन्या अँड्रोमेडाला बांधून ठेवले होते, त्याचीच ही हाडे, असे रोमकरांना सांगण्यात आले.

कथा बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. केफियस राजा, त्याची राणी कॅसिओपिया. राणीने एक दिवस बढाई मारली, की समुद्रकन्या नेरीड्सपेक्षाही आपण सुंदर आहोत. (काही कथाकार म्हणतात, बढाई मुलीच्या रूपाविषयी होती.) नेरीड्सनी पोसायडनकडे गाऱ्हाणे नेले. समुद्रदेवाने राज्यावर आधी पूर सोडला आणि मागोमाग एक समुद्रराक्षस. अमोन देवतेचा कौल घेतला गेला. कौल असा, की राजकन्येला राक्षसाच्या हवाली केल्याखेरीज संकट टळणार नाही. प्रजेने राजाला भाग पाडले आणि अँड्रोमेडा किनाऱ्यावरील खडकाला जखडली गेली. बढाई आईची, राग देवाचा, निर्णय बापाचा; साखळदंड मात्र मुलीच्या हातांत.

गॉर्गन मेडुसाचे मस्तक घेऊन परतणाऱ्या पर्सियसने तिला पाहिले. त्याने प्रथम राजाशी बोलणे केले, मुलगी वाचवली तर ती आपल्याला द्यायची, आणि मगच तो राक्षसावर चालून गेला. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुलगी खडकाला बांधलेली आणि राक्षस समोरून येत असताना सौदा आधी पक्का केला जातो. प्राचीन कथाकारांना त्यात काही वावगे वाटलेले दिसत नाही.

आता या कथेतील पात्रांची नावे मोजावीत. राजाला नाव आहे, राणीला आहे, मुलीला आहे, तिच्याशी आधी लग्न ठरलेल्या फिनियसलाही आहे. राक्षसाला नाव नाही. ग्रीक ग्रंथ त्याला फक्त 'केटोस' म्हणतात. केटोस हे सामान्यनाम आहे, जसे 'जनावर' किंवा 'श्वापद'. हॉलिवूडच्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स'मध्ये त्याला 'क्रॅकन' म्हटले आहे आणि त्यामुळे असंख्य तरुण प्रेक्षकांचा समज झाला आहे, की क्रॅकन हा ग्रीक राक्षस. क्रॅकन हा नॉर्वेकडच्या थंड समुद्रातील दंतकथांचा प्राणी; ग्रीकांना तो ठाऊकही नव्हता. चित्रपटाला नाव हवे होते, आणि मूळ कथेत ते नव्हते.

बर्लिनच्या संग्रहालयात कोरिंथ शैलीचा एक रंगवलेला कुंभ आहे, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. या प्रसंगाच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी ते एक. डावीकडून एक भले मोठे डोके पुढे आले आहे, मधोमध पर्सियस त्याच्यावर दगड भिरकावतो आहे आणि त्याच्यामागे अँड्रोमेडा उभी आहे. चित्रकाराने प्रत्येक आकृतीशेजारी नाव लिहिले आहे. डोक्यापाशी त्याने लिहिले, 'केटोस'. त्याच्यापाशीही दुसरे नाव नव्हते. आणि पर्सियसच्या हाती पुढे प्रसिद्ध झालेली वाकडी तलवार अजून आलेली नाही. अंगावर येणाऱ्या श्वापदावर कोणीही उचलेल ते त्याने उचलले आहे.

होमरच्या काव्यात हा शब्द आणखी सैल आहे. 'ऑडिसी'त मेनेलॉस आपल्या भटकंतीची हकीकत सांगतो. फारोस बेटावर समुद्रवृद्ध प्रोटियसला पकडण्यासाठी तो आणि त्याचे तीन साथीदार सीलची ताजी कातडी पांघरून वाळूत दबा धरून बसतात. कातड्यांचा दर्प इतका असह्य, की शेवटी एका देवीला त्यांच्या नाकाशी सुगंधी अमृत धरावे लागते. त्या प्रसंगात मेनेलॉस सीललाच केटोस म्हणतो. म्हणजे समुद्रातून येणारे, मोठे, आपल्याला नीट न उमगलेले जे काही, ते केटोस. सीलपासून राक्षसापर्यंत सारे या एका शब्दात मावत होते.

अँड्रोमेडाच्या कथेला एक जुळी कथाही आहे आणि ती ट्रॉयची आहे. 'इलियड'मधील प्रसिद्ध युद्धाच्या एक पिढी आधी तिथे लाओमेडन राजा होता. पोसायडन आणि अपोलो या दोन देवांकडून त्याने चाकरी करून घेतली, नगराचा तट बांधून घेतला, आणि मजुरी बुडवली. पोसायडनने केटोस पाठवला. पुन्हा तोच कौल, पुन्हा राजकन्या, या खेपेस तिचे नाव हेसिओनी. हेराक्लिसने दिव्य घोड्यांच्या बोलीवर राक्षस मारला आणि लाओमेडनने ती बोलीही मोडली. परिणामी हेराक्लिसने ट्रॉय लुटले. 'इलियड'च्या विसाव्या सर्गात त्या लढाईची एक खूण आली आहे. केटोस किनाऱ्यावरून मैदानात मुसंडी मारी, तेव्हा हेराक्लिसला आडोसा मिळावा म्हणून ट्रोजनांनी आणि अथीनाने उभारलेला मातीचा बंधारा. एरवी कोणाला न जुमानणाऱ्या हेराक्लिसला इथे पळून लपायला जागा लागली, हे होमर सहज सांगून जातो.

पुढे कवी लायकोफ्रॉनच्या काव्यात या लढाईला विलक्षण वळण मिळाले. हेराक्लिस थेट राक्षसाच्या जबड्यात शिरला, तीन रात्री त्याच्या पोटात राहून आतून वार करत राहिला आणि बाहेर आला तेव्हा पोटातील उष्णतेने त्याच्या डोक्यावरचे केस गळून गेले होते. पोटातील हे तीन दिवस पुढे एका वेगळ्याच परंपरेत भेटणार आहेत.

हेसिओनीच्या कथेचे एक चित्र अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे, इ.स.पू. ५५० च्या सुमाराचे, तेही कोरिंथ शैलीच्या भांड्यावरचे. त्यातील केटोस मात्र इतर चित्रांतल्यासारखा दिसत नाही. कड्याच्या काळ्या भागातून एक पांढरी, मांस नसलेली कवटी पुढे आली आहे. डोळ्याची खोबण पोकळ, जबडा सुटा. एड्रियन मेयर या संशोधिकेने २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'द फर्स्ट फॉसिल हंटर्स' या पुस्तकात असे सुचवले, की चित्रकाराने कड्यातून उघडी पडलेली एखाद्या लुप्त सस्तन प्राण्याची जीवाश्म कवटी पाहिली असावी आणि तीच रंगवली असावी. सर्वच अभ्यासकांना हे पटलेले नाही. तरीही त्या भांड्याचे छायाचित्र एकदा पाहिले, की ती कल्पना मनातून सहज जात नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. हे सारे रचणाऱ्या लोकांनी देवमासा खरोखर पाहिला होता का?

अथेन्सच्या प्राचीन आगोरात, म्हणजे नगरचौकाच्या परिसरात, उत्खननात सापडलेल्या एका विहिरीत एक मोठे चपटे हाड निघाले. विहीर इ.स.पू. नवव्या शतकातील, म्हणजे होमरच्याही आधीची मानली जाते. हाड होते फिन व्हेल जातीच्या देवमाशाच्या खांद्याचे. त्याच्या पृष्ठभागावर कापल्याच्या खुणा होत्या. कोणीतरी त्यावर ठेवून काहीतरी चिरत-कापत असे. जॉन पापाडोपुलोस आणि डेबोरा रुसिलो यांनी २००२ साली या हाडावर सविस्तर निबंध लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच 'केटोस' हा शब्द घातला. कुठल्याशा किनाऱ्याला लागलेला तो मृत महाकाय प्राणी, त्याचे हाड कुणीतरी उचलून अथेन्सला आणलेले, आणि तिथे ते कामाच्या पाटासारखे झिजलेले. केटोसचे इतके घरगुती दर्शन कुठल्याही काव्यात नाही.

इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने हाच शब्द उचलला आणि त्यातून राक्षस बाजूला काढला. त्याच्या प्राणिशास्त्रीय ग्रंथांत 'केटे' (केटोसचे अनेकवचन) हा प्राण्यांचा एक स्वतंत्र गट आहे. डॉल्फिन आणि देवमासे यांना कल्ले नसतात, फुप्फुसे असतात, ते डोक्यावरील छिद्रातून हवा घेतात, अंडी न घालता पिलांना जन्म देतात आणि त्यांना दूध पाजतात, अशी निरीक्षणे त्याने मांडली. ती आजही बरोबर आहेत. युरोपातील अभ्यासक मात्र त्यानंतर शतकानुशतके देवमाशाला मासाच म्हणत राहिले. १७५८ साली लिनियसने त्याला सस्तन प्राण्यांत बसवले तेव्हा त्या गणाला नाव दिले 'केटे'. आजचा 'सिटेशियन' हा शास्त्रीय शब्दही त्याच मुळाचा.

पण ॲरिस्टॉटलचे निरीक्षण खलाशांपर्यंत पोचले नव्हते. त्याचाच शिष्य अलेक्झांडर हिंदुस्थानातून माघारी फिरला तेव्हा आरमार नीआर्कसच्या हाती देऊन त्याने ते सिंधूच्या मुखापासून इराणी आखाताकडे पाठवले. साल इ.स.पू. ३२५. नीआर्कसची हकीकत पुढे एरियनने आपल्या 'इंडिका' या ग्रंथात उतरवून घेतली आहे. मकरानच्या उजाड किनाऱ्यालगत जात असता एका पहाटे समोर समुद्राचे पाणी कारंज्यासारखे वर उडताना दिसले. ग्रीक खलाशांनी वाटाड्यांना विचारले, हे काय? उत्तर आले, केटे. ते पाणी वर फेकतात. वल्हेकऱ्यांच्या हातांतून वल्ही गळून पडली.

नीआर्कसने जे केले ते सेनापतीचे काम होते. त्याने गलबतांची तोंडे थेट त्या प्राण्यांकडे वळवायला लावली, आरमारी लढाईत वळवतात तशी. सर्वांनी एकसुरात रणगर्जना करायची, वल्ही जोरात आपटायची, कर्णे फुंकायचे. देवमासे अगदी नाळेसमोर आले आणि बुडाले. थोड्या वेळाने मागच्या बाजूस वर आले आणि पुन्हा पाणी उडवू लागले. खलाशांनी टाळ्या वाजवल्या आणि नीआर्कसच्या धैर्याची वाहवा केली. देवमाशांचा हल्ला करण्याचा विचार होता असे या हकीकतीत कुठेही दिसत नाही. भीती पूर्णपणे होडीतल्या माणसांची होती, आणि विजयही त्यांनीच आपल्याला बहाल केला.

त्याच किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांना ग्रीकांनी 'इख्थिओफागी', म्हणजे मासेखाऊ, असे नाव दिले होते. ओहोटीत अडकून मेलेल्या देवमाशांची हाडे हे लोक घरासाठी वापरत. जबड्याच्या हाडांची दारे, फासळ्यांची तुळई. एका बाजूला हातातले वल्हे टाकून देणारा परका खलाशी आणि दुसऱ्या बाजूला त्याच प्राण्याच्या जबड्याखालून रोज ये-जा करणारा रहिवासी. दोघेही पाहत होते तो प्राणी एकच.

आता पुन्हा जोपाकडे वळावे लागेल. जुन्या कथांत केफियसचे राज्य इथिओपियात आहे. मग राक्षस पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर आला कसा? भूगोलकार स्ट्रॅबोलाही हा प्रश्न पडला होता. काही लोक ही कथा इथिओपियातून जोपाला आणतात, अशी नोंद त्याने केली. या स्थलांतराचे उत्तर बंदराच्या खडकांत असण्याची शक्यता मोठी आहे.

जोपा म्हणजे आजचे याफा, तेल अवीवला जोडून असलेले. इतिहासकार जोसिफसने या बंदराचे वर्णन केले आहे. किनारा खडा, दोन्ही टोके आत वळलेली, त्यावर सुळक्यांसारखे कडे आणि समुद्रात घुसलेले खडक. अँड्रोमेडाच्या साखळदंडांच्या खुणा तिथेच दाखवतात आणि कथा किती जुनी आहे याची त्या साक्ष देतात, असेही तो म्हणतो. उत्तरेचा वारा समोरून येतो तेव्हा लाटा या खडकांवर फुटतात आणि आसऱ्यासाठी बंदरात आलेले जहाज भर समुद्रापेक्षा जास्त धोक्यात येते. तिथले दर्यावर्दी त्या वाऱ्याला 'काळा उत्तरवारा' म्हणत.

हे वर्णन जोसिफसने हौसेने केलेले नाही. इ.स. ६७ मध्ये, रोमविरुद्धच्या ज्यू उठावात, उद्ध्वस्त झालेल्या जोपामध्ये बंडखोरांनी आणि निर्वासितांनी पुन्हा वस्ती केली होती. जमिनीवर जगण्याचे साधन उरले नाही म्हणून त्यांनी जहाजे बांधली आणि सीरिया, फिनिशिया व इजिप्तच्या मार्गावर चाचेगिरी सुरू केली. व्हेस्पासियनने सैन्य पाठवले. रात्री सैन्य नगरात शिरले, तेव्हा नगरातले लोक आधीच जहाजांवर चढून बाणांच्या टप्प्याबाहेर जाऊन थांबले होते. पहाटे काळा उत्तरवारा सुटला. जहाजे एकमेकांवर आदळली, खडकांवर फुटली. किनाऱ्याकडे यावे तर रोमन सैनिक उभे, समुद्राकडे जावे तर लाटा. काहींनी बुडण्यापेक्षा स्वतःच्या तलवारीने मरण पत्करले. किनाऱ्याला लागलेल्या प्रेतांचा आकडा जोसिफस ४,२०० देतो. त्याने दिलेले आकडे नेहमीच भरवशाचे नसतात. खडक, वारा आणि दोन्ही बाजूंनी मिटलेली वाट यांविषयी मात्र शंका घेण्याचे कारण नाही.

अशा बंदरात राहणाऱ्या पिढ्यांनी आपल्या खडकाला बांधलेल्या मुलीची आणि समुद्रातून येणाऱ्या श्वापदाची कथा आपलीशी केली, तर त्यात नवल काय?

स्कॉरस या किनाऱ्यावर पोचला तो रोमच्या सत्तेबरोबर. पॉम्पीच्या पूर्वेकडील मोहिमेत तो अधिकारी होता. इ.स.पू. ६३ मध्ये पॉम्पीने जेरुसलेम घेतले, जोपासह किनाऱ्यावरची नगरे ज्यूडियापासून तोडून सीरिया प्रांताला जोडली आणि स्कॉरसला सीरियात ठेवले. पुढे ईडाइल असताना स्कॉरसने पाडलेल्या नाण्यांवर नबातियन राजा अरेटस उंटाशेजारी गुडघे टेकून बसलेला दिसतो. नाण्यावर राजा आणि मिरवणुकीत राक्षस. पूर्व आपण कशी वाकवली हे सांगण्याच्या या दोन तऱ्हा होत्या. ती हाडे बहुधा देवमाशाचीच असणार, कारण तेवढ्या लांबीचा आणि हत्तीहून उंच फासळ्यांचा दुसरा प्राणी त्या किनाऱ्यावर सापडण्यासारखा नाही. पण नुसत्या देवमाशाने मते मिळाली नसती.

गंमत अशी, की स्कॉरसने सांगाडा नेल्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी पोम्पोनियस मेला हा लॅटिन भूगोलकार लिहितो, जोपाला आजही राक्षसाची प्रचंड हाडे दाखवतात! एकतर नेलेला सांगाडा अपुरा होता, किंवा जोपाकरांनी दुसरी हाडे मिळवली. दुसऱ्या शतकात पॉसानियसने त्याच परिसरातील तांबड्या पाण्याच्या झऱ्याची नोंद केली आहे. राक्षसाला मारून पर्सियसने आपले रक्ताळलेले अंग त्यात धुतले, असे लोक सांगत. तीर्थक्षेत्राला असतात तशी सारी स्थाने जोपाने जमवली होती.

याच बंदरातून आणखी एक माणूस जहाजावर चढला होता. हिब्रू बायबलमधला योना. ईश्वराची आज्ञा टाळण्यासाठी तो पळाला तो याफाहूनच. वादळ आले, खलाशांनी त्याला समुद्रात टाकले, आणि एका मोठ्या माशाने त्याला गिळले. तीन दिवस आणि तीन रात्री तो त्या पोटात होता. हिब्रू मजकुरात शब्द आहेत केवळ 'मोठा मासा'. परंतु इ.स.पूर्व काळात जेव्हा अलेक्झांड्रियाच्या ग्रीकभाषी ज्यूंसाठी हा ग्रंथ ग्रीकमध्ये आला, तेव्हा भाषांतरकाराने शब्द योजला 'केटोस'. त्या एका शब्दाने योनाचा मासा बदलून गेला.

परिणाम रोमच्या भुयारी दफनस्थानांतील भिंतींवर पाहता येतो. तिसऱ्या आणि चौथ्या शतकातील ख्रिस्ती चित्रकारांना योनाची कथा फार प्रिय; मृत्यूतून सुटका हा तिचा अर्थ त्यांना जवळचा होता. पण त्यांनी रंगवलेला प्राणी मासा नाही. लांब मुस्कट, उभे कान, पुढचे दोन पाय, वेटोळे घातलेले सापासारखे अंग आणि शेवटी माशाची शेपटी. ग्रीक कलेत इ.स.पू. पाचव्या शतकापासून ठरून गेलेला केटोस तो हाच. पर्सियसपुढचा राक्षस, तोच आता संदेष्ट्याला गिळतो आणि तिसऱ्या दिवशी सुखरूप किनाऱ्यावर सोडतो.

पूर्वेकडेही हा आकार पोचला. तक्षशिला आणि गांधार परिसरात सापडलेल्या लहान दगडी तबकड्यांवर नेरीड केटोसच्या पाठीवर बसून चालली आहे. भारतीय शिल्पात मकर त्याआधीपासून होता, बिहारमधील लोमश ऋषी गुंफेच्या दारावर तो मौर्यकाळातच कोरलेला आहे; त्यामुळे एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे म्हणण्याची घाई करू नये.

रोमन काळात माणसे आणि देवमासे खरोखर समोरासमोर आल्याच्या हकीकतीही आहेत. सम्राट क्लॉडियस ऑस्टियाचे नवे बंदर बांधत असताना एक ऑर्का तिथे शिरला. गॉलहून आलेल्या बुडीत जहाजातील कातड्यांच्या मोहाने तो आला, असे प्लिनी म्हणतो. उथळ पाण्यात तो अडकला, त्याची पाठ उलटलेल्या होडीसारखी वर दिसू लागली. सम्राटाने बंदराच्या तोंडावर जाळी लावली आणि आपल्या अंगरक्षक दलासह जातीने जाऊन होड्यांतून भाल्यांचा वर्षाव करवला. ऑर्काने उडवलेल्या पाण्याने भरून एक होडी बुडताना प्लिनीने स्वतः पाहिली. रोमच्या लोकांपुढे मांडलेला हा जणू पर्सियसचा प्रयोगच होता. फरक इतकाच, की यातला राक्षस आधीच अडकलेला होता.

आणि मग सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या काळी, एका केटोसला अखेर नाव मिळाले. कॉन्स्टँटिनोपलच्या खलाशांनी त्याला 'पोर्फिरिओस' म्हटले. इतिहासकार प्रोकोपियस सांगतो, पन्नासहून अधिक वर्षे, मधूनमधून गायब होत, त्याने राजधानीच्या आसपासच्या समुद्रात जहाजे बुडवली. सम्राटाने त्याला पकडण्याचे प्रयत्न केले आणि ते फसले. शेवटी काळ्या समुद्रात, सँगेरियस नदीच्या मुखाजवळ, डॉल्फिनांचा पाठलाग करता करता तो चिखलात रुतला. आसपासचे लोक कुऱ्हाडी घेऊन धावले, जाड दोरखंडांनी त्याला ओढून काढले आणि गाड्यांवर चढवले. माप घेतले गेले : लांबी सुमारे ३० हात, रुंदी १०. काहींनी तिथेच त्याचे मांस खाल्ले, काहींनी खारवून ठेवले. हा पोर्फिरिओस नव्हेच, दुसरा कोणी, अशी कुजबुजही प्रोकोपियसने प्रामाणिकपणे नोंदवली आहे.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या साऱ्या हकीकतींना नवी पार्श्वभूमी दिली. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीलगतच्या रोमनकालीन स्थळांतून मिळालेल्या हाडांचे डीएनए आणि कोलॅजेन तपासले गेले. त्यांत ग्रे व्हेल आणि नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल या दोन जातींची हाडे निघाली. ग्रे व्हेल आज अटलांटिकमधून नाहीशी झाली आहे. राइट व्हेल अमेरिकेच्या किनाऱ्याकडे थोड्या संख्येने तग धरून आहे. संशोधकांच्या मते या जाती त्या काळी पिलांना जन्म देण्यासाठी भूमध्य समुद्राच्या तोंडाशी येत असाव्यात. दोन्ही किनाऱ्यालगत, संथ पोहणाऱ्या. ग्रीक-रोमन लेखकांच्या देवमाशांविषयीच्या हकीकती अतिशयोक्त म्हणून बाजूला सारणाऱ्यांना त्यांतल्या काही आता पुन्हा वाचाव्या लागतील.

राहिले आकाश. दुसऱ्या शतकात टॉलेमीने मांडलेल्या ४८ तारकासमूहांत अँड्रोमेडाचे सारे कुटुंब आहे आणि केटोसही आहे. या समूहांना मराठीत जी नावे रूढ झाली, त्यांत एक मजेदार अदलाबदल झालेली दिसते. कॅसिओपिया झाली शर्मिष्ठा, अँड्रोमेडा देवयानी, पर्सियस ययाती आणि केफियस वृषपर्वा. खांडेकरांच्या कादंबरीमुळे ही नावे घरोघरी ठाऊक आहेत. महाभारताच्या आदिपर्वातही एक मुलगी संकटात आहे. शर्मिष्ठेने विहिरीत ढकललेल्या देवयानीला ययाती हात देऊन बाहेर काढतो आणि पुढे तिचा पती होतो. नावे देणाऱ्यांनी ग्रीक आई मराठीत आणताना मैत्रीण केली, एवढे स्वातंत्र्य घेतले. पण ययातीच्या कथेत राक्षस कुठून आणणार? विहिरीत कोणी नव्हते. तेव्हा त्या समूहाला नाव मिळाले तिमिंगल. संस्कृत वाङ्मयातील, 'तिमी' नावाच्या महामत्स्यालाही गिळणारा जलचर. पुन्हा एकदा जातिवाचक शब्द.

डिसेंबरच्या संध्याकाळी महाराष्ट्रातून देवयानी जवळपास डोक्यावर दिसते आणि तिमिंगल दक्षिणेच्या बाजूला पसरलेला. दोघांच्या मध्ये मीन आणि मेष या राशी आहेत. त्याच्या मानेच्या जागी एक तांबूस तारा आहे, 'मीरा'. १५९६ साली डेव्हिड फॅब्रिशियसने त्याचे तेज बदलत असल्याचे प्रथम नोंदवले. बराच काळ तो नुसत्या डोळ्यांना मुळीच दिसत नाही, आणि सुमारे अकरा महिन्यांच्या फेऱ्याने पुन्हा वर येतो.